सहा ग्लास, पन्नास मार्क अन् आपला यवतमाळ

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय दारूचा आहे, तरी चहाच घ्या.

आधीच तीन गोष्टी सांगून टाकतो, म्हणजे कॉमेंटमध्ये त्यावरच वेळ जाणार नाही. एक, ही कोणाची जाहिरात नाही. म्हणून जिथं गेलो त्या जागेचं नाव लिहिणार नाही. दोन, मी घेतो. कधीमधी, अन् लपून नाही. बायकोला माहीत आहे, आईलाही माहीत आहे, फक्त ती त्यावर बोलत नाही. तीन, माझ्या यादीत दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या ताया आहेत अन् बार चालवणारे दोस्तही आहेत. दोघांनाही थोडं थोडं टोचेल असं पुढं आहे. पूर्ण वाचून मग शिव्या द्या.

तर झालं असं की कामानिमित्त पुण्याला गेलो होतो. भाचा तिथं आयटीत आहे. म्हणाला, "मामा, तुम्ही तिकडं बिअर म्हणून जे पिता ना, ते सोडा. आज तुम्हाला बिअर दाखवतो." 'पाजतो' म्हणाला नाही, 'दाखवतो' म्हणाला. हा शब्द लक्षात राहिला.

ती जागा म्हणजे मायक्रोब्रुअरी. म्हणजे तिथंच बनवायची अन् तिथंच विकायची, अशी छोटी बिअरची भट्टी. आपल्याकडं भट्टी म्हटलं की नाला, झुडपं अन् पोलिसांची धाड डोळ्यासमोर येते. तिथं काचेच्या पलीकडं स्टीलच्या चकचकीत टाक्या होत्या अन् अलीकडं लोक लहान पोरांना घेऊन जेवत बसले होते.

पुण्यात हे २००९ साली सुरू झालं. राज्यातली ही पहिली अशी भट्टी 'डुलाली' नावाची. नाव ऐकून मला वाटलं इंग्रजी असेल. निघालं आपलं देवळाली! नाशिकजवळच्या देवळालीत गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक तिथं मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहायचे. ऊन, रिकामपण, ताप, दारू. डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजांच्या बोलीत 'डुलाली' म्हणजे भ्रमिष्ट झालेला असा शब्दच रूढ झाला. दारूच्या दुकानाला याहून प्रामाणिक नाव मी तरी पाहिलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. भाच्यानं पूर्ण ग्लास मागवलाच नाही. लाकडाच्या एका फळीवर सहा छोटे ग्लास आले, प्रत्येकात १०० मिलिलिटरच्या आसपास. सोबत एक कार्ड. प्रत्येक ग्लासापुढं लिहिलेलं की धान्य कोणतं, अल्कोहोल किती टक्के, कडूपणा किती. मी सवयीनं पहिला ग्लास उचलून तोंडाला लावला, तसा भाचा म्हणाला, "मामा, थांबा. आधी पाहा, मग वास घ्या, मग एक घोट. आणि मार्क द्या."

मार्क कसे द्यायचे, तेही ठरलेलं असतं म्हणे. अमेरिकेत बिअरचे परीक्षक तयार करणारी एक संस्था १९८५ पासून आहे. तिचा पेपर ५० मार्कांचा. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ अन् एकूण परिणामाला १०. दहावीच्या प्रॅक्टिकलसारखंच. मी कागद-पेन काढलं. पत्रकाराला कागद-पेन दिलं की तो कुठंही गंभीर होतो.

ग्लास पहिला. गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर. गढूळ पिवळी, वर जाड फेस. वास घेतला तर चक्क पिकलेल्या केळ्याचा, अन् मागून लवंगेचा. मी विचारलं, यात केळं टाकलं का? नाही. गहू, जवाचं माल्ट, हॉप्स, पाणी अन् यीस्ट. माल्ट म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवून भाजलेलं धान्य. आपण नाचणीचं सत्त्व करतो त्याच्या जवळपासचं काम. केळ्याचा तो वास यीस्टच तयार करतं. ३४ मार्क.

ग्लास दुसरा. ही पण गव्हाची, पण बेल्जियमच्या पद्धतीची. हिच्यात धने अन् संत्र्याची साल घालतात. धने अन् संत्रा! म्हणजे अर्धी बिअर तर आपल्या वऱ्हाडातच आहे. हलकी, उन्हाळ्यात बरी वाटेल अशी. ३६.

ग्लास तिसरा. पिल्सनर. स्वच्छ सोनेरी, दिसायला आपल्या बाटलीतल्या बिअरसारखी. पण हिला अगदी हलका लोण्यासारखा वास होता. भाचा म्हणाला, हा दोष. आंबवण्याचं काम पूर्ण व्हायच्या आधी थंड केली की असा वास राहू शकतो. २९.

ग्लास चौथा. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. नावात इंडिया, पण बनायची लंडनला. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या पूर्वेला हॉजसन नावाच्या माणसाची भट्टी होती. तिथली बिअर जहाजानं मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी यायची. प्रवासाचे कित्येक महिने टिकावी म्हणून त्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत. हॉप्स ही एका वेलीची फुलं, कडू अन् टिकवणारी. त्यामुळं ही बिअर कडू. कारल्याची भाजी आवडणाऱ्याला आवडेल. ३१.

ग्लास पाचवा. कोकम अन् मीठ घातलेली आंबट बिअर. रंग गुलाबी. घोट घेतला अन् सोलकढीची आठवण झाली. जर्मनीत गोसलार गावाची मीठ घातलेली आंबट बिअर जुनी प्रसिद्ध आहे. त्या पद्धतीला कोकणातलं फळ जोडलं. कोणाची नक्कल वाटली नाही. ४१. माझ्या पेपरात सगळ्यात जास्त.

ग्लास सहावा. स्टाऊट. काळीकुट्ट. भाजलेल्या जवामुळं कॉफीसारखी, जरा जळक्या भाकरीसारखी. चुलीवरच्या तव्याचा वास येतो तसा. ३८.

सहा ग्लासांना तासापेक्षा जास्त वेळ लागला. तिसरा तर मी अर्धा तसाच सोडला. कोणी काही म्हटलं नाही. दारू अर्धी सोडून उठणारा माणूस मी आमच्याकडच्या बारमध्ये क्वचितच पाहिला आहे.

बिल मात्र निंदणाऱ्या बाईच्या दोन दिवसांच्या मजुरीच्या वर गेलं. हेही लिहून ठेवतो, कारण हे न लिहिता कोकमाच्या चवीचं कौतुक करणं बरं नाही.

परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोप आली नाही म्हणून मोबाईलवर हिशोब केला. सहा छोटे ग्लास मिळून ६०० मिलिलिटर, सरासरी ५ टक्के धरलं तर शुद्ध अल्कोहोल ३० मिलिलिटर. आपल्या इथं जी खपते ती ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली, लेबलवर '८ टक्क्यांपर्यंत' असं छापलेली. ती पूर्ण ८ टक्के धरली तर ५२ मिलिलिटर. अन् परवान्याच्या दुकानातली ४२.८ टक्क्यांची एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात ७७. म्हणजे पुण्यातला तो माणूस तासभर जेवढं पोटात घालतो, त्याच्या अडीच पट आपला माणूस बसस्टँडमागं उभ्या उभ्या, शेंगदाण्याच्या एका पुडीवर, दहा मिनिटांत संपवतो. पुण्यात कोणी क्वार्टर मारत नाही असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडं दुसरा मार्गच नाही.

आपल्या बारमध्ये गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारते. "चिल्ड आहे का?" अन् "स्ट्राँग आहे का?" आता यातलं पहिलं काय आहे सांगतो. बर्फासारखी थंड केली की जीभ बधिर होते अन् चव लागतच नाही. बिअरला उजेड सोसत नाही. उजेड पडला की हॉप्समधल्या घटकांवर परिणाम होऊन उग्र वास सुटतो, म्हणून बाटली तपकिरी असते. जास्त दिवस गरमीत राहिली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. आता मे महिन्यात आपल्या ४५ डिग्रीत टेम्पोमधून उतरवलेली क्रेट भर उन्हात किती वेळ पडून असते, ते तुम्हीही पाहता. चिल्ड केली की हे सगळं झाकलं जातं. अन् दुसरा प्रश्न किकचा. आमच्याकडं मार्क चवीला नाहीत, किकलाच आहेत. पन्नासपैकी पन्नास.

इथपर्यंत वाचून बार चालवणारा एखादा मित्र म्हणेल, "भाऊ, मग यवतमाळात टाकू या ना अशी भट्टी. आपली ज्वारी आहेच." गंमत वाटेल, पण हे अशक्य नाही. ज्वारीची बिअर आफ्रिकेत पिढ्यान् पिढ्या होते. नायजेरियानं १९८८ मध्ये परदेशी जव अन् माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीवर बिअर करावी लागली, अन् त्यांनी केली.

पण 'शेतकऱ्याला भाव मिळेल' हे वाक्य आलं की माझे कान टवकारतात. आपल्या राज्यात २००७ साली धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती द्यायचं धोरण आलं, तेव्हा ज्वारी उत्पादकाचंच नाव पुढं केलं होतं. डॉ. अभय बंगांसारख्या लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही द्राक्ष उत्पादकाचं नाव होतं. शेवटी तो निर्णय अमलात आला नाही. दारूचा विषय निघाला की सरकारला शेतकरी आठवतो. कापसाच्या भावाच्या वेळी तोच शेतकरी कुठं हरवतो, ते मला वीस वर्षांत समजलं नाही.

अन् पाण्याचं काय? एक लिटर बिअर बनवायला, धुण्याभांड्यासकट, चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बिअर अन् दारूच्या कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश हायकोर्टाला द्यावा लागला होता. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेत का? निळोणा अन् चापडोह आटले, अन् आपण रात्रभर ड्रम घेऊन टँकरची वाट पाहत होतो. त्या गावात बिअरच्या टाक्या चकचकीत ठेवायच्या म्हणजे आधी उत्तर द्यावं लागेल.

बरं, नवीन काही आणायच्या आधी, आपल्याकडं जे आहे त्याचं काय केलं ते पाहू. आपल्या जिल्ह्यात छोटी, गावरान, हाती बनवलेली दारू कधीची आहे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या जंगलपट्ट्यात मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल गळतं. बाया अन् पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली जातात. वाळवलेलं फूल गोड असतं, त्याची भाकर होते, लाडू होतात, अन् दारूही होते. कोलाम, गोंड समाजात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत मोहाला स्थान आहे. पुण्यात कोकमाच्या बिअरला मी ४१ मार्क दिले. मोहाच्या पहिल्या धारेला कोणी कधी कार्डावर मार्क दिलेत का? तिला थेट कलम लागतं.

ही आजची गोष्ट नाही. इंग्रजांच्या मुंबई सरकारनं १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्याकडं मोहफुलांसाठी खास कायदा केला होता, घरी फुलं ठेवण्यावरच बंधन. कारण साधं होतं. लोक घरी बनवतील तर सरकारी दुकानातली कोण घेणार? आपला वऱ्हाड तेव्हा त्या कायद्यात नव्हता, पण नजर सगळीकडं तीच. स्वातंत्र्यानंतरही मोहफूल नियमांत अडकूनच राहिलं. राज्य सरकारनं मोहफूल गोळा करणं, नेणं अन् साठवणं यांवरचे निर्बंध उठवले ते थेट २०२१ मध्ये. शेजारच्या मध्य प्रदेशानं तर मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून आदिवासी गटांकडून बनवून घ्यायचं धोरण आणलं. गोव्यानं फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळवून दिलं.

आता कोणी म्हणेल, हा माणूस मोहाच्या दारूची तरफदारी करतो. थांबा. आज आपल्या नाल्याकाठी जी हातभट्टी निघते, तिच्यात बहुतेक वेळा मोह नावालाच असतो. सडका गूळ, नवसागर, अन् किक वाढावी म्हणून आणखी काय काय टाकतात ते टाकणाऱ्यालाच माहीत. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलनं. ती प्यायलेल्यांपैकी कोणाच्याच हातात 'यात काय आहे' सांगणारं कार्ड नव्हतं.

अन् मालवणी दूर आहे म्हणाल, तर वणी जवळ आहे.

एप्रिल २०२१. लॉकडाऊन, दारूची दुकानं बंद. आपल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. सात. हात धुवायचं औषध. देशभरच्या पेपरांनी दोन दिवस बातमी चालवली, काहींनी तर जरा हसूनच. मी ती बातमी लिहिणाऱ्यांच्या धंद्यातला माणूस आहे. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सॅनिटायझरच्या बाटलीवर लेबल असतं. फक्त बाहेरून वापरासाठी, असं छापलेलं असतं. पण ज्याचं शरीर दारूशिवाय थरथरायला लागलं आहे, तो लेबल वाचत नाही. रोजच्या पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर याला आजार म्हणतात. आपण 'बेवडा' म्हणून मोकळे होतो.

म्हणून चव, वास अन् मार्कांची ही सगळी गंमत फक्त त्या माणसासाठी आहे, जो तिसरा ग्लास अर्धा सोडू शकतो. ज्याला तो सोडता येत नाही, त्याच्यासाठी पुण्याची कोकम बिअर अन् नाल्यावरची धार सारखीच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या सुरुवातीला साफ सांगितलं आहे की दारूचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण नाही. हे माझ्या सहा ग्लासांनाही लागू आहे. त्यांना मी मार्क दिले म्हणून ते औषध होत नाहीत.

मग बंदी? ताई, आता तुमच्याकडं येतो.

आपला जिल्हा नकाशावर पाहा. शेजारी वर्धा, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून १९७४ पासून बंदी. पलीकडं गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली अन् २०२१ मध्ये उठली. मधल्या त्या सहा वर्षांत वर्धा नदीच्या अलीकडं, म्हणजे आपल्या बाजूला, दुकानांना कसे दिवस आले अन् नदीपलीकडं रात्री काय काय गेलं, ते वणीकरांनी डोळ्यांनी पाहिलं. कळंबकडच्या लोकांना हेच वर्ध्याच्या बाबतीत कधीचं माहीत आहे. आपण शेजाऱ्याच्या बंदीचं दुकान झालो. महसूल शासनाचा, नफा दुकानदाराचा, अन् रात्रीची भांडणं दोन्ही काठांवर.

म्हणूनच 'स्वामिनी'च्या बायांनी आपल्या जिल्ह्यात बंदी मागितली, त्यांच्या रागावर मी कधी एक ओळही वाकडी लिहिली नाही. उपायाबद्दल माझ्या मनात शंका आहे, रागाबद्दल नाही. कारण कागदावरची बंदी कशी पाझरते ते नदीकाठी राहून दिसतं. पण त्याच बायांनी वापरलेलं एक हत्यार मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ते म्हणजे आडवी बाटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज दिला, तर परवान्याच्या दुकानासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पुरेसा कौल आडवीला मिळाला तर शटर खाली.

काही वर्षांपूर्वी अशा एका मतदानाला बातमीसाठी गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. रांगेत एक मावशी होत्या, साठीच्या. मी पत्रकारी प्रश्न विचारला, मावशी, दुकान परवान्याचं आहे, सरकारी शिक्क्याची दारू आहे, मग तुम्हाला त्रास काय? त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याची चव आमाले काय माईत? पण किती पेला ते त्याच्या चपलेच्या आवाजावरून समजते. फाटकापासून घरापर्यंत चप्पल घासत आली का मी लेकराईले उठवून शेजारी पाठवतो."

पुण्याच्या त्या कार्डावर पाच रकाने होते. वास, दिसणं, चव, तोंडातला स्पर्श, एकूण परिणाम. 'एकूण परिणाम' या रकान्याला १० मार्क. पण तो परिणाम पिणाऱ्यानंच ठरवायचा. घरी वाट पाहणाऱ्या बाईला त्या पेपरात एकही मार्क नाही. जगातल्या बिअरच्या सगळ्या रेटिंगमध्ये, पन्नासपैकी असो की पाच चांदण्यांपैकी असो, परीक्षक पिणाराच असतो. न पिणाऱ्याला, पण त्याची किंमत मोजणाऱ्याला मत देणारी एकच पद्धत मला माहीत आहे, अन् ती आपल्याकडं गावच्या शाळेच्या खोलीत होते. मावशीच्या कानाला मी कोणत्याही परीक्षकाच्या नाकापेक्षा जास्त मार्क देईन.

आता नुसतं लिहून काय होते, म्हणाल. तर माझ्या मागण्या चार आहेत. मोठ्या नाहीत.

पहिली. धाडीत पकडलेली हातभट्टी नुसती नाल्यात ओतून फोटो काढू नका. तिचे नमुने तपासा अन् त्यात काय सापडलं ते तालुक्याच्या नावासकट जाहीर करा. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला टक्केवारी कळते, तर झरीच्या माणसाला निदान विष आहे की नाही एवढं कळू द्या.

दुसरी. वणी, पुसद, उमरखेड, पांढरकवडा अशा ठिकाणी सरकारी दवाखान्यात दारू सोडवण्यासाठी राखीव खाटा अन् समुपदेशक. पुण्यात अनिल अन् सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, अन् हजारो घरं त्यातून सावरली. तिथवर जायची आपल्या मजुराची ऐपत नाही. दारूवरच्या करातून जे येतं, त्यातला काही हिस्सा त्या दारूनं पडलेल्या माणसावर खर्च व्हावा, यात मला तरी काही क्रांतिकारी वाटत नाही.

तिसरी. आडव्या बाटलीचा अर्ज आला की सह्यांची पडताळणी अन् मतदान ठरलेल्या दिवसांत व्हावं. अर्ज टेबलावर जेवढा पडून राहतो, तेवढा सह्या करणाऱ्या बाईवर घरातून दबाव वाढतो. हे मी पाहिलं आहे.

चौथी. मोहफुलाला आधी अन्न म्हणून भाव द्या. लाडू, सरबत, जॅम, जे बचतगट करू शकतील ते. त्याची दारू करायची की नाही, अन् केली तर कोणी, किती, कशी, हा निर्णय त्या झाडाखाली पहाटे वाकणाऱ्या बायांच्या ग्रामसभेनं घ्यावा. मुंबईच्या कंपनीनं नाही, अन् माझ्यासारख्या सहा ग्लास चाखून आलेल्यानं तर मुळीच नाही.

बारवाल्या दोस्तांनो, तुम्हालाही एक विनंती. क्रेट उन्हात ठेवू नका, हे तर झालंच. पण जो माणूस रोज सकाळी दहाला शटर उघडायच्या आधी उभा असतो, त्याचं नाव तुम्हाला माहीत असतं. त्याच्या घरचा नंबरही माहीत असतो. एकदा लावून पाहा.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत हेल्पलाईन नंबर १४४४६ आहे. पोस्ट शेअर नका करू, हा नंबर करा. अन् तुमच्या गावात आडव्या बाटलीचा अर्ज अडकून पडला असेल, तर कॉमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये लिहा. गाव, तारीख, अर्ज कोणाकडं दिला, एवढंच. नाव छापणार नाही, पण बातमी करणार.